५५ इंची मध्यम किमतीचा स्मार्ट टीव्ही: पैसे कशावर घालावे, कशावर नाही? (नागपूर)

मानेवाडाकर

मंडळी, ५५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. बजेट ४० ते ४५ हजार, सेलमध्ये खरंच चांगलं काही निघालं तर पन्नासपर्यंत ताणू. हॉल १० बाय १४, सोफ्यापासून टीव्हीची भिंत साडेआठ फूट. संध्याकाळी डिशवर मालिका आणि बातम्या, मॅच असली की मॅच, रात्री ओटीटी. गेमिंग नाही. उन्हाळ्यात खिडकीत कूलर.

बर्डी, धरमपेठ, सदर, सगळीकडे पाहून राहिलो. प्रत्येक खोक्यावर तेच छापलंय: ४के, क्यूएलईडी, एचडीआर, डॉल्बी, १२० हर्ट्झ. मग ३२ हजारवाला आणि ४८ हजारवाला यांत फरक कशाचा आहे बाप्पा? दुकानदाराला विचारलं तर तो ज्यात मार्जिन जास्त त्याच्याकडेच बोट दाखवते.

पिक्सेलपुराण

आधी एक गोष्ट ठरवून टाका: टीव्हीचा स्मार्टपणा नंतर बदलता येतो, पॅनेल (म्हणजे पडदा) बदलता येत नाही. टीव्ही मंद झाला तर तीन ते सहा हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे खोचली की काम होतं. पॅनेल फिकट निघालं तर मात्र पुढची सात-आठ वर्षं तेच बघायचं. म्हणून पैसे पॅनेल आणि बॅकलाइटवर (पडद्यामागच्या दिव्यांवर) घाला.

आता खोक्यावरच्या शब्दांचा हिशेब.

४के: तुमच्या अंतरावर याला फारसा अर्थ नाही. ५५ इंची ४के पडद्याचा एक पिक्सेल साधारण ०.३२ मिलिमीटरचा, फुल एचडीचा ०.६३ मिलिमीटरचा. साडेआठ फुटांवरून चांगल्या नजरेला ०.७५ मिलिमीटरच्या खालचं वेगळं ओळखू येत नाही. ४केचा फरक दिसायला लागायलाच सात फुटांच्या आत बसावं लागेल. या आकारात सगळेच ४के असतात, त्यामुळे निवड करताना हा मुद्दा बादच समजा.

क्यूएलईडी: बॅकलाइट आणि पॅनेल यांच्यामध्ये क्वांटम डॉटचा (रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) एक थर, बस. लाल-हिरवा रंग जास्त शुद्ध येतो. काळा रंग काळा दिसणं किंवा उजेड वाढणं याच्याशी त्याचा संबंध नाही. क्यूएलईडी असूनही काळा रंग राखाडी दाखवणारे टीव्ही भरपूर आहेत.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांत जास्त फरक दाखवणारं चित्र: सगळ्यात मोठी फसगत इथे आहे. एचडीआरचे सिनेमे बहुधा १००० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड गृहीत धरून तयार होतात, काही ४००० धरूनही. या किमतीतले बरेच टीव्ही २५० ते ४०० निट्सवर दमतात. मग टीव्ही सगळं चित्र खाली दाबून बसवतो आणि लोक विचारतात, 'साधा सिनेमा स्वच्छ दिसतो, एचडीआरवाला अंधारा का?' टीव्ही खराब नसतो, त्याची पोच तेवढीच असते.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकाराने अशा टीव्हीवर थोडी मदत होते, कारण त्यात दृश्यागणिक माहिती असते. सॅमसंग ते देत नाही, त्यांचं एचडीआर१०प्लस आहे. डॉल्बी व्हिजनसाठी कुणी पाच हजार जास्त मागितले तर देऊ नका.

खरा फरक दोन जागी: पॅनेल व्हीए की आयपीएस (पडद्याचे हे दोन प्रकार), आणि लोकल डिमिंग, म्हणजे चित्राच्या काळ्या भागामागचा बॅकलाइट तेवढ्यापुरता मंद करायची सोय, आहे की नाही. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) ३०००:१ ते ५०००:१ येतो, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. रात्री दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

मानेवाडाकर

सोफा समोर आहे, पण डाव्या भिंतीला दिवाण पण आहे. आई तिथूनच मालिका पाहते, म्हणजे बरंच तिरपं. मग व्हीए चालेल का?

पिक्सेलपुराण

तिरपं म्हणजे किती, ते महत्त्वाचं. वीस-पंचवीस अंशांपर्यंत व्हीए ठीक असतो. चाळीसच्या पुढे रंग उडतात, चेहरे धुतल्यासारखे दिसतात, काळ्यावर पांढुरकी झाक येते. मालिकेत झगझगीत उजेडच असतो, तिथे कॉन्ट्रास्ट गेला तरी फार बिघडत नाही. पण मॅचला चार जण दिवाणावर बसणार असतील तर आयपीएसचा विचार करा. नाहीतर व्हीए घ्या आणि भिंतीला फिरणारा ब्रॅकेट लावा.

बर्डीवाला

दुकानात पॅनेल कोणतं ते विचारू नका, विक्रेत्याला माहीत नसते. स्वतः पाहा. स्क्रीनवर पांढरा भाग आणा आणि मोबाइलचा कॅमेरा पार जवळ नेऊन झूम करा. आयपीएसचे लाल-हिरवे-निळे ठिपके बहुतेक बाणाच्या टोकासारखे वाकलेले दिसतात, व्हीएचे उभे आणि सरळ, बऱ्याचदा प्रत्येक ठिपक्याचे वरचा-खालचा असे भाग पडलेले. एकाच मॉडेल नंबरखाली वेगळ्या आकारात वेगळं पॅनेल येते. ४३ इंचीचा रिव्ह्यू वाचून ५५ इंची घेऊ नका.

बाकी दुकानातली तपासणी अशी:

पहिलं काम, टीव्ही 'स्टोअर मोड'मध्ये असते तो 'होम मोड'वर आणायला लावा. स्टोअर मोडमध्ये उजेड आणि रंग पार टोकाला असतात, आणि कंपनीची फुलपाखरं-झरेवाली फिल्म त्याच पॅनेलसाठी बनवलेली असते. तिच्यावरून काहीच ठरत नाही.

मग आपला पेनड्राइव्ह लावा. त्यात चार गोष्टी पुरतात: पूर्ण राखाडी चित्र, पूर्ण काळं चित्र, काळ्यावर पांढरी सबटायटल असलेली क्लिप, आणि कॅमेरा आडवा फिरतो अशी मैदानाची क्लिप. राखाडीवर डाग-पट्टे दिसले तर मॅचमध्ये हिरव्या मैदानावर तेच फिरताना दिसतील. काळ्यावर कोपऱ्यांतून उजेड फुटतो का पाहा. सबटायटल आलं की भोवती धुकं पसरते का, की अख्खी स्क्रीन उजळते, यावरून लोकल डिमिंग खरं आहे की कागदावरच आहे ते कळते. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही.

दुकानात नेट असेल तर यूट्यूबवर ४के व्हिडिओ लावून सेटिंगमधून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा भराभर वाढून राहिला असेल तर प्रोसेसर दमला.

षटकार_विदर्भ

क्रिकेटबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मध्यम किमतीच्या टीव्हीची सगळ्यात कच्ची बाजू हीच.

आपल्याकडचं डिशवरचं प्रसारण सेकंदाला २५ फ्रेम किंवा ५० फील्डचं (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम). टीव्हीने पॅनेल ५० हर्ट्झवर नेलं, म्हणजे चित्र सेकंदाला ५० वेळा बदललं, तर कॅमेरा सीमारेषेकडे फिरताना चित्र सलग दिसतं. सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर हे बहुतेक टीव्ही नीट करतात. अडतं ते टीव्हीतल्याच ॲपवर मॅच बघताना. काही स्वस्त अँड्रॉइड टीव्ही ॲपला कायम ६० हर्ट्झवरच ठेवतात, आणि ५० फ्रेम ६० मध्ये कोंबल्या की दर काही फ्रेमला झटका बसतो. 'मॅच कंटेंट फ्रेम रेट' असा पर्याय सेटिंगमध्ये आहे का ते बघा. असला तर चालू करा.

'१२० हर्ट्झ'चं बघा. या किमतीत तो आकडा बऱ्याचदा डीएलजीचा असतो, म्हणजे ड्युअल लाइन गेट. पॅनेल मुळात ६० हर्ट्झचंच, पण दोन-दोन ओळी एकदम चालवून वेग दुप्पट करतात आणि उभं रिझोल्यूशन निम्मं होतं. गेमवाल्याला त्याचा थोडाफार उपयोग असेल. तुम्हाला नाही.

मोशन स्मूदिंग (हालचाल सलग दाखवायला मधे जादा फ्रेम घालणं) कुठे ट्रूमोशन, कुठे मोशनफ्लो, कुठे एमईएमसी या नावाने असतं. मॅचला खालच्या पायरीवर ठेवा. वर नेलं की चेंडूभोवती चित्र फाटतं, कधी चेंडू मधेच गायब होतो, कारण मधल्या फ्रेम टीव्ही अंदाजाने रचत असतो आणि एवढी लहान वेगवान वस्तू त्याला सापडत नाही. सिनेमाला पूर्ण बंद.

सोल्डरगन

दुरुस्तीच्या बाजूने सांगतो. वरचं सगळं बरोबर, पण नागपुरात टीव्ही किती वर्षं टिकते हे वेगळ्याच गोष्टींवर ठरते.

उष्णता आधी. बहुतेक टीव्हींच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत दिलेलं असते. मे महिन्यात इथे बाहेर पंचेचाळीस. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हाताला चटका देते, आणि लोक नेमका तिथेच टीव्ही चिकटवतात. पश्चिमेची भिंत टाळा. जमत नसेल तर मागे निदान १० सेंटीमीटर हवा खेळू द्या, कोनाड्यात कोंबू नका.

या टीव्हींमध्ये सगळ्यात जास्त जाते ती बॅकलाइटची पट्टी. एलईडी एकापुढे एक सिरीजमध्ये असतात, एक उडाला की पट्टी नाहीतर अख्खा बॅकलाइट जाते. कधी उष्णतेने एलईडीवरची प्लास्टिकची भिंग सुटून पडते, मग स्क्रीनवर गोल पांढरा ठिपका दिसते. 'आवाज येऊन राहिला पण चित्र नाही' असं झालं तर अंधारात स्क्रीनवर तिरपा टॉर्च मारा. आत चित्र पुसटसं दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेला. हे दुरुस्त होते. मात्र अख्खा संच बदलायला लावा, एकच पट्टी बदलली तर बाकीच्या जुन्या पट्ट्या रांगेत उभ्याच असतात. आणि ५५ इंची पॅनेल उचलताना दोन माणसं लागतात. एकटा येऊन 'करतो साहेब' म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका, काच तडकली की टीव्ही भंगारात.

यावर उपाय फुकटात आहे. बॅकलाइट १०० वर ठेवू नका. रात्री ४० ते ५०, दिवसा ७० पुरते. एलईडीतून जाणारा करंट कमी झाला की उष्णता कमी, आयुष्य जास्त.

आता कूलर. कूलरचा झोत सरळ टीव्हीवर जाईल असं ठेवायचं नाही. पॅनेलच्या कडेला, बहुतेक खालच्या बाजूला, पातळ फिल्मच्या पट्ट्या काचेला चिकटवलेल्या असतात, त्यातून पिक्सेलला सिग्नल जाते. तिथे ओल शिरली की जोड गंजतात आणि उभ्या रेषा येतात. कूलरमध्ये बोअरचं जड पाणी असेल तर तुषारांबरोबर क्षारही उडतात, टीव्हीच्या जाळीवर पांढरी भुकटी दिसते ती तीच. उभ्या रेषेची दुरुस्ती बहुतेक परवडत नाही. ओल्या फडक्याने स्क्रीन पुसली की पाणी ओघळून खालच्या कडेत शिरते, तेही याच कारणाने घातक. कोरडं मायक्रोफायबर वापरा, डाग असेल तर फडकं किंचित ओलसर करा. काच पुसायचं द्रावण स्क्रीनवर फवारू नका.

मानेवाडाकर

सोल्डरगन भाऊ, स्टॅबिलायझर लागेल का? आमच्या लायनीत संध्याकाळी दिवे मंद होतात.

सोल्डरगन

नाही लागत. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा, बहुतेक १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असते. १८० ला आलं तरी एसएमपीएस (टीव्हीतला वीजपुरवठ्याचा भाग) निवांत चालते. मारते ते उलटं: खांबावर न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी पार ४०० पर्यंत येऊ शकते. त्याला साधा रिले स्टॅबिलायझर पुरत नाही. मीटरनंतर ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवा, अख्खं घर वाचते.

बर्डीवाला

इथे मी थोडा वेगळं म्हणेन. कटऑफ घ्याच, पण टीव्हीच्या सॉकेटला सर्ज प्रोटेक्टर पण ठेवा. विजेचा झटका काही मायक्रोसेकंदांचा असते, कटऑफचा रिले तेवढ्यात उघडत नाही. प्रोटेक्टरमधला एमओव्ही नावाचा सुटा भाग तो झटका खातो.

सोल्डरगन

हाव, मान्य. पण एमओव्ही झटके खाऊन खाऊन संपते, प्रोटेक्टरचा दिवा विझला की तो बदलायचा. आणि अर्थिंग नसेल तर अर्धं संरक्षण गेलं. आपली काळी माती उन्हात भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओता आणि मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ मोजा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. मृगाआधीच्या वादळात टीव्हीचा प्लग काढताच, डिशची केबलही काढा. वीज तिकडून येऊन सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट जाळते.

रिमोट_कंट्रोल

स्मार्टपणाबद्दल थोडंसं, कारण पिक्सेलपुराण यांनी त्याला फारच स्वस्तात काढलं. स्टिक लावता येते हे खरं, पण घरात दोन रिमोट झाले की ज्येष्ठांची पंचाईत होते. म्हणून निदान २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज बघा. ८ जीबीवाल्यात सिस्टिम वजा जाता चार-एक जीबी उरते, ॲपचे अपडेट येत राहतात आणि टीव्ही कुंथायला लागतो.

एव्ही१ (ओटीटी-यूट्यूबवरचा व्हिडिओ दाबून पाठवायचा एक प्रकार) डीकोडिंग हार्डवेअरमध्ये आहे का ते विचारा. लॅन पोर्ट बहुतेक टीव्हींत १०० एमबीपीएसचाच असतो. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस सांगतं, म्हणजे तो पुरतो. पेनड्राइव्हवरून सिनेमे बघणाऱ्यांनी डीटीएस (सिनेमाच्या आवाजाचा एक फॉरमॅट) आवाज चालतो का ते आधी तपासा. चित्र येतं आणि आवाज नाही, अशी तक्रार असते ती याचीच.

टीव्ही घरी आला की गोपनीयतेची सेटिंग उघडा. एलजीवर 'लाइव्ह प्लस', सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' बंद. स्क्रीनवर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी ही सोय आहे, आपल्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

मानेवाडाकर

आणि ६५ इंची? दुकानदार म्हणते ४८ हजारांत ६५ येते, साडेआठ फुटांना तोच घ्या.

पिक्सेलपुराण

अंतराच्या मानाने तो चूक बोलत नाही. पण ४८ हजारांतला ६५ इंची बहुतेक साधा डायरेक्ट एलईडी, लोकल डिमिंगशिवाय. पन्नास-पंचावन्नच्या घरात ५५ इंची मिनी एलईडी (बॅकलाइटला खूप बारीक एलईडी असलेले) सेलमध्ये दिसायला लागले आहेत. मी ५५ चा चांगला घेईन.

षटकार_विदर्भ

मी ६५ घेईन. मॅच आणि मालिका उजेडात बघायच्या असतील तर काळ्याची खोली कोण मोजतंय? एवढंच की एसडी चॅनेल ६५ वर आणखी पसरट दिसतात. ७२० बाय ५७६ चं चित्र कितीही ताणलं तरी त्यात नसलेला तपशील येत नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठीचे एचडी चॅनेल पॅकमध्ये घ्या, टीव्हीवर दहा हजार जास्त घालण्यापेक्षा मालिकेला त्याचा फायदा जास्त.

पिक्सेलपुराण

एचडी चॅनेलचं शंभर टक्के. बॉक्सचं आउटपुट १०८० वर ठेवा आणि टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' चालू करा, नाहीतर कडा कापल्या जातात आणि बातम्यांची खालची पट्टी अर्धी दिसते.

बाकी सेटिंग: मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'. कलर टेंपरेचर वॉर्म. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग दुकानातला निळसर पांढरा डोळ्यांत खुपायला लागतो. शार्पनेस ० ते १०, पण सोनीवर ५० हाच तटस्थ आकडा आहे, तिथे शून्य केलं तर चित्र मऊ पडतं. नॉइझ रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. काही कंपन्या बॅकलाइटलाच 'ब्राइटनेस' म्हणतात आणि काळ्याच्या पातळीला 'ब्लॅक लेव्हल'. खालीवर करताना नेमकं काय बदलतंय ते बघा. एचडीआर सुरू झालं की सेटिंगचा संच वेगळा असतो. त्या सिनेमापुरता बॅकलाइट पूर्ण आणि डायनॅमिक टोन मॅपिंग (एचडीआरचा उजेड टीव्हीच्या पोचेत बसवणारी सोय) चालू ठेवा, डॉल्बी व्हिजन असेल तर 'डार्क' ऐवजी 'ब्राइट'. सोल्डरगन यांचा ४०-७० चा नियम रोजच्या मालिकांसाठी.

बर्डीवाला

खरेदीचं. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे त्याआधीच्या रिव्ह्यूमध्ये ५० हजार किंमत दिसली तर तोच टीव्ही आज ४६ च्या आसपास यायला पाहिजे. जुनी किंमत खोडून 'सूट' दाखवून राहिले असतील तर त्यात करकपात किती आणि सूट किती ते वेगळं काढा.

ऑनलाइनचा भाव मोबाइलवर दाखवून दुकानात बोला, बरेच जण जवळपास आणतात, वर भिंतीचा स्टँड देतात. ऑनलाइनच घ्यायचा तर खोकं स्वतः फोडू नका, कंपनीच्या माणसासमोर उघडा आणि सलग व्हिडिओ काढा. काचेचा तडा बंद टीव्हीवर बऱ्याचदा दिसत नाही, चालू केल्यावर शाई सांडल्यासारखा दिसते. तुटलेली काच वॉरंटीत नसते.

घेण्याआधी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर आपला पिनकोड सांगून विचारा: घरी येऊन दुरुस्ती आहे का, पॅनेलवर वॉरंटी किती, एक्स्टेंडेड वॉरंटी कंपनीची की तिसऱ्याची. पॅनेलची किंमत टीव्हीच्या निम्म्याच्या वर जाते, म्हणून वाढीव वॉरंटीत 'पॅनेल' हा शब्द छापलेला पाहिजे. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मानेवाडाकर

भरपूर मिळालं. दिवाण ते टीव्ही कोन मोजला, तीसच्या आसपास भरते. म्हणजे व्हीए, ५५, लोकल डिमिंगवाला, पूर्वेच्या भिंतीला. शेवटचं: कूलर चालू असला की संवाद ऐकूच येत नाहीत. जास्त वॉटचा टीव्ही पाहू का?

रिमोट_कंट्रोल

वॉटवर जाऊ नका. २० असो की ३०, स्पीकर खाली तोंड करून भिंतीकडे बोलतात. आधी 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय चालू करून बघा. त्याने भागलं नाही तर मधला स्वतंत्र स्पीकर असलेला, म्हणजे ३.१ चा साउंडबार. तो ईआर्क किंवा आर्क (टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारला पाठवणारा) लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा, टीव्हीला असा पोर्ट बहुतेक एकच असतो. टीव्ही भिंतीला ठोकण्याआधी त्या पोर्टमध्ये केबल घालून ठेवा, नंतर तिथे हात जात नाही.